प्राणवायूचा हिशेब

चिखली-तळवड्याच्या पट्ट्यातील एखाद्या छोट्या कारखान्याच्या दाराशी क्षणभर उभे राहावे, म्हणजे भिंतीला साखळीने बांधलेले काळे सिलिंडर हमखास दृष्टीस पडते. त्यातील प्राणवायूच्या जोरावर तेथील कारागीर लोखंडाचे जाड पत्रे कापीत असतो. त्याच गावातील एखाद्या घरात तसेच काळे, परंतु पांढऱ्या खांद्याचे सिलिंडर खाटेशेजारी उभे असते आणि त्याच्या नळीच्या आधाराने कोणी वृद्ध कारागीर रात्र काढीत असतो. पांढरा खांदा ही वैद्यकीय प्राणवायूची खूण होय. त्याची शुद्धता औषधविषयक कायद्यानुसार तपासली जावी लागते. कारखान्याच्या सिलिंडराला ते बंधन नाही. वायू एकच असला तरी या दोन सिलिंडरांची नशिबे निराळी आहेत. कारखान्यातील सिलिंडर संपले की एका दूरध्वनीसरशी दुसरे येते आणि त्याचा खर्च मालाच्या किमतीत मिळविला जातो. घरातील सिलिंडर संपत आले की मुलाला कामावर खाडा करावा लागतो, शेजाऱ्याचा टेम्पो मागावा लागतो आणि झालेला खर्च कोणाच्याच हिशेबात धरला जात नाही. हा न धरलेला हिशेब नागरिकांपुढे आणि त्यांच्या कारभाऱ्यांपुढे मांडावा, एवढ्यासाठीच आजचा हा लेखनप्रपंच आहे.

देहू आणि आळंदी यांच्या मधले, इंद्रायणीकाठचे हे गाव वारकऱ्यांच्या परंपरेत टाळगाव चिखली म्हणून ओळखले जाते. १९९७ मध्ये ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि पाहता पाहता शेतांच्या जागी वर्कशॉपे, गोदामे आणि दाट वस्ती उभी राहिली. कुदळवाडीतील भंगाराच्या गोदामांना लागणाऱ्या आगी आणि त्यांचा काळा धूर यांची या परिसराला जणू सवयच झाली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तेथील हजारो बांधकामे पाडून टाकली. त्या कारवाईच्या न्यायान्यायाची चर्चा पुष्कळ झाली. ती येथे पुन्हा करण्याचे कारण नाही. गोदामे एका आठवड्यात जमीनदोस्त करता येतात. परंतु तो धूर आणि ती धूळ वर्षानुवर्षे ज्यांनी छातीत घेतली, त्यांच्या फुप्फुसांची झीज कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही. वाहनांच्या उद्योगाने ज्या पट्ट्याला वैभव दिले, त्या पट्ट्यातच ओतकामाच्या भट्ट्या, घासकामाची चाके, वेल्डिंगचा धूर आणि डिझेलच्या मालमोटारींची अखंड रांग आहे. त्या वैभवाची ही दुसरी बाजू आहे आणि ती घराघरांतील खोकल्याच्या आवाजात ऐकू येते.

प्राणवायू म्हटले की वाचकांना साहजिकच २०२१ चा एप्रिल आठवेल. देशाची वैद्यकीय प्राणवायूची गरज करोनाच्या पहिल्या लाटेत दिवसाला तीन हजार टनांच्या घरात गेली होती. दुसऱ्या लाटेत ती नऊ हजार टनांच्या घरात पोहोचली. महाराष्ट्राची उत्पादनक्षमता तेव्हा दिवसाला सुमारे तेराशे टन होती आणि मागणी अठराशे टनांकडे झेपावत होती. रिकामे टँकर घेऊन १९ एप्रिल रोजी कळंबोलीहून आगगाडी निघाली ती थेट विशाखापट्टणमला गेली आणि तेथून भरलेले सात टँकर घेऊन नागपूर व नाशिक येथे आली. केंद्र सरकारने काही थोडे उद्योग वगळता कारखान्यांना प्राणवायू देणे २२ एप्रिलपासून बंद केले. त्याच्या आदल्याच दिवशी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप प्राणवायूच्या टाकीला गळती लागली, नळ्यांतील दाब घसरला आणि त्या एका दिवसात बावीस रुग्ण गेले. टाकी होती, टाकीत प्राणवायूही होता. परंतु टाकीपासून खाटेपर्यंतची वाट तुटली होती. नाशिकची ही घटना केवळ शोक करण्यासारखी नव्हती, तीत एक धडा होता. प्राणवायू किती आहे यापेक्षा तो रुग्णाच्या नाकापर्यंत अखंड पोहोचतो की नाही, हा खरा प्रश्न असतो.

तो धडा आपण कितपत घेतला? राज्य मंत्रिमंडळाने २०२१ च्या मे महिन्यात प्राणवायूच्या स्वावलंबनाचे धोरण मंजूर केले आणि दिवसाला तीन हजार टन उत्पादनाचे लक्ष्य ठेवले. हवेतून प्राणवायू वेगळा करणारे बाराशेंहून अधिक संच पंतप्रधान साहाय्य निधीतून देशभरच्या रुग्णालयांना मंजूर झाले. उद्योगसमूहांनी, परदेशस्थ भारतीयांनी आणि साध्यासुध्या मंडळांनीसुद्धा लहानमोठी यंत्रे भेट दिली. त्या काळात सरकारने आणि समाजाने दाखविलेली तत्परता नाकारणे हा कृतघ्नपणा ठरेल. परंतु पुढील काही वर्षांत देशाच्या अनेक भागांतून असे संच देखभालीअभावी, वीजबिलाच्या भीतीने किंवा चालविणारा माणूस नसल्यामुळे बंद पडल्याची वृत्ते येत राहिली. तहान लागल्यावर विहीर खणू नये, अशी म्हण आपल्याकडे आहे. आपण तहान लागल्यावर विहीर खणली, तिला पाणीही लागले, आणि तहान भागताच रहाट काढून माळ्यावर टाकला. गरज सरो आणि वैद्य मरो, या वृत्तीचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मात्र गरज सरली आहे, हेच मुळी खरे नाही. करोनाची लाट ओसरली. श्वासाचे जुनाट विकार ओसरलेले नाहीत. जागतिक रोगभाराच्या अभ्यासगटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार ज्याला वैद्यकात सीओपीडी म्हणतात, त्या श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या विकाराचे रुग्ण भारतात १९९० मध्ये २ कोटी ८१ लाख होते. २०१६ मध्ये ते ५ कोटी ५३ लाख झाले. जगाच्या लोकसंख्येत आपला वाटा अठरा टक्क्यांचा, पण जुनाट श्वसनविकारांमुळे वाया जाणाऱ्या आयुष्याच्या वर्षांत आपला वाटा बत्तीस टक्क्यांचा! विडी-सिगारेटवर सारा दोष ढकलून मोकळे होण्याचीही सोय नाही. धूम्रपान कधीच न केलेल्यांना हा विकार किती मोठ्या प्रमाणावर होतो, हे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्येच ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातून जगापुढे मांडले होते. चुलीचा धूर, कारखान्यातील धूळ, लहानपणचे छातीचे आजार, नीट न सांभाळलेला दमा आणि क्षयरोगाने मागे ठेवलेले व्रण ही त्याची कारणे. पिंपरी-चिंचवडमध्ये पोटासाठी आलेल्या कुटुंबांकडे पाहिले, तर गावाकडे चुलीपुढे जन्म काढलेली आई आणि येथे भट्टीपुढे जन्म काढलेला बाप, अशी दोन्ही कारणे एकाच छपराखाली नांदताना दिसतात.

यांपैकी प्रत्येकाला प्राणवायू लागतो असे नाही, आणि ही गोष्ट आम्ही मुद्दाम आग्रहाने सांगतो. विकार पुढे गेल्यावर, प्रकृती स्थिर असताना आणि माणूस स्वस्थ बसलेला असतानासुद्धा ज्याच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ८८ टक्के किंवा त्याहून खाली राहते, त्याला घरी दीर्घकाळ प्राणवायू देण्याचा लाभ होतो. हा लाभ ऐकीव नाही. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशा रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाला दिवसाकाठी किमान पंधरा तास प्राणवायू दिला, दुसऱ्याला दिला नाही. पाच वर्षांत पहिल्या गटातील ४२ पैकी १९ रुग्ण दगावले. दुसऱ्यातील ४५ पैकी ३०. अमेरिकेतील १९८० च्या प्रयोगाने हाच निष्कर्ष दुसऱ्या बाजूने पक्का केला. तेथे केवळ रात्री प्राणवायू घेणाऱ्यांपेक्षा जवळजवळ दिवसभर घेणारे अधिक जगले. उलटपक्षी, ज्यांच्या रक्तातील प्रमाण थोडेसेच कमी आहे अशांना तो देऊन काही साधत नाही, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७३८ रुग्णांच्या अमेरिकी प्रयोगात आढळले. कोणाला द्यावा, किती द्यावा आणि किती तास द्यावा, हे सारे येणेप्रमाणे मोजून ठरविता येते. जे मोजून द्यावे लागते आणि मोजून दिले असता माणसाला जगविते, त्याला आपण औषध म्हणतो.

औषध म्हटले की मात्रा आली, आणि मात्रा चुकली की अपायही आला. १९४० नंतरच्या दशकात अपुऱ्या दिवसांच्या बालकांना वाचविण्याच्या सद्हेतूने भरमसाट प्राणवायू दिला गेला आणि पाश्चात्त्य देशांतील हजारो मुले आंधळी झाली. त्याचे कारण उमगायला दशकभर लागले. सीओपीडीच्या काही रुग्णांना वाजवीपेक्षा अधिक प्राणवायू दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, गुंगी येते आणि प्रसंगी श्वासच मंदावतो. म्हणून अशांच्या बाबतीत प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राखावे, असा दंडक आहे. ऑस्ट्रेलियातील टास्मानियात रुग्णवाहिकांमधून मोजून प्राणवायू देण्याचा प्रयोग झाला. सरसकट जोराने प्राणवायू देण्याच्या तुलनेत मृत्यू निम्म्याहून कमी झाले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे मात्र रुग्ण धापा टाकू लागला की नातेवाईक स्वतःच चावी फिरवून काटा वर नेतात आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. कारण त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. बोटाला लावण्याचा चिमटा करोनाच्या काळात घरोघरी आला. परंतु काळ्यासावळ्या त्वचेवर तो कधी कधी वास्तवाहून अधिक आकडा दाखवितो आणि धोका झाकून ठेवतो, हे २०२० मध्ये अमेरिकेतील पाहणीत दिसून आले आहे. निदानाचा अंतिम आधार धमनीतील रक्ताची तपासणी हाच असला पाहिजे.

याच्या अगदी उलट टोकाचा गैरसमजही तितकाच घातक आहे. ‘एकदा प्राणवायू लावला की त्याची सवय लागते’, ‘नळी लागली म्हणजे आता शेवट आला’, ही वाक्ये सुशिक्षित घरांतूनसुद्धा ऐकू येतात. चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी अंधुक दृष्टीने वावरत नाही. प्राणवायूची गरज रोगाने निर्माण केलेली असते, नळीने नव्हे. या समजापायी कित्येक जण सल्ला मिळूनही तो टाळतात, पंधरा तासांऐवजी त्रास होईल तेव्हा दहा मिनिटे नळी लावतात आणि ज्या उपचाराने आयुष्य वाढते त्यापासून केवळ तात्पुरता दिलासा मिळवितात. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल, त्यांनी हा समज आधी मनातून काढून टाकावा.

आता हा उपचार एखाद्या सामान्य कुटुंबाला काय पडतो, ते पाहू. मिनिटाला दोन लिटर या साध्या प्रमाणाने पंधरा तासांना १८०० लिटर प्राणवायू लागतो. रुग्णालयात दिसणाऱ्या उंच, जम्बो म्हणविल्या जाणाऱ्या सिलिंडरात सुमारे ७००० लिटर वायू मावतो. म्हणजे ते चार दिवसही पुरत नाही. महिन्याला सातआठ सिलिंडरे, चाळीच्या जिन्यावरून वर नेणे आणि खाली आणणे, अनामत, गाडीभाडे! येथे एक आकडा ध्यानात घेण्यासारखा आहे. केंद्रीय औषध-मूल्य प्राधिकरणाने २०२० च्या सप्टेंबरात सिलिंडरातील वैद्यकीय प्राणवायूची कारखान्यातील कमाल किंमत घनमीटरला २५ रुपये ७१ पैसे ठरविली होती. त्या भावाने जम्बो सिलिंडरातील वायूची किंमत अवघी १८० रुपये होते. रुग्णाच्या दारात तो पोहोचेपर्यंत ती कितीतरी पट फुगते. सृष्टीने फुकट दिलेला आणि कारखान्याने स्वस्तात वेगळा केलेला वायू केवळ वाहतुकीच्या आणि व्यवस्थेच्या अभावी महाग होतो. चाकणसारख्या ठिकाणी, हवा शून्याखाली पावणेदोनशे अंशांपलीकडे थंड करून तिच्यापासून द्रवरूप प्राणवायू काढणारे कारखाने चिखलीपासून काही कोसांवर असतानाही ही स्थिती आहे.

सिलिंडराला पर्याय म्हणून घरातील हवेतूनच प्राणवायू वेगळा करणारे यंत्र आहे. सारे जण त्याला कॉन्सन्ट्रेटर या नावानेच ओळखतात. ते चाळीसपन्नास हजारांच्या घरात मिळते. परंतु ते विकत घेतले म्हणजे खर्च संपत नाही, सुरू होतो. साडेतीनशे वॅटचे यंत्र रोज पंधरा तास चालले की महिन्याला दीडशेहून अधिक युनिटे वीज लागते. ज्या घराचा एरवीचा वापर शंभर युनिटांच्या आत बसतो, ते घर या एका यंत्रामुळे महावितरणाच्या वरच्या दराच्या टप्प्यात जाते. श्वास घेण्यासाठी माणसाने चढ्या दराने वीज विकत घ्यावी, हा प्रकार कोणत्या न्यायात बसतो? शिवाय गुरुवार आहेच. कारखान्यांच्या सुटीचा दिवस म्हणून आपल्या भागात देखभालीच्या कामांसाठी वीज बंद ठेवली जाते ती बहुधा गुरुवारी. इतरांना ती गैरसोय वाटते. यंत्रावर अवलंबून असलेल्याला ती धास्ती असते. जवळ भरलेले राखीव सिलिंडर नसेल, तर त्याचा तो दिवस घड्याळाकडे पाहण्यात जातो.

या खर्चाला सरकारी आधार मुळीच नाही असे नाही; परंतु तो कोणाला आहे, हे पाहण्यासारखे आहे. केंद्र सरकारचे नोकर आणि निवृत्त अधिकारी यांना त्यांच्या आरोग्य योजनेतून, ठरलेल्या तपासण्यांच्या आधारे, हे यंत्र मंजूर होते. त्यांना ते मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. त्या योजनेचे नियम विचारपूर्वक केलेले आहेत आणि तेच सर्वांसाठी आदर्श मानावेत. परंतु चिखलीतील कंत्राटी कामगाराला किंवा भंगारातील लोखंड कापणाऱ्याला हे दार बंद आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची रचना मुख्यतः रुग्णालयात दाखल करून करावयाच्या उपचारांभोवती झाली आहे. परिणाम असा होतो की, तो माणूस धाप लागून अत्यवस्थ झाला की त्याला अतिदक्षता विभागातील महागडी खाट मिळण्याची शक्यता असते. मात्र तो अत्यवस्थ होऊच नये यासाठी लागणारी घरची स्वस्त नळी त्याला मिळत नाही. सार्वजनिक पैशाच्या दृष्टीने पाहिले, तरी हा व्यवहार तोट्याचा आहे.

शासनाने असा आजन्म उपचार अंगावर घेतल्याचे उदाहरण नाही काय? आहे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत विनामूल्य डायलिसिस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१६ मध्ये जाहीर झाला आणि तो योग्यच होता. डायलिसिसनेही रोग बरा होत नाही. आयुष्य वाढते आणि ते सुसह्य होते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला जो न्याय, तो फुप्फुसाच्या रुग्णाला का नसावा? ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेतर्फे घरी यंत्र विनामूल्य बसवून मिळते, तज्ज्ञ येऊन ते तपासतात आणि यंत्राने खाल्लेल्या विजेचे पैसे रुग्णाला परत दिले जातात. श्रीमंत देशाची ही उदाहरणे आपल्याला कशी परवडणार, असे कोणी म्हणेल. परंतु ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२५ च्या फेब्रुवारीत दिलेल्या अहवालानुसार जगात दरवर्षी ३७ कोटी ४० लाख लोकांना वैद्यकीय प्राणवायूची गरज भासते आणि जगातील पाच अब्ज लोकांना तो सुरक्षितपणे व परवडेल अशा रीतीने मिळण्याची शाश्वती नाही. गरज गरीब देशांतच अधिक आहे. तेव्हा व्यवस्थेचा विचारही त्यांनीच आधी केला पाहिजे.

या मागणीवर घेतले जाणारे आक्षेप आम्हांला ठाऊक आहेत. पहिला आक्षेप असा की, मूळ दुखणे धूळ आणि धूर हे आहे; तेव्हा पैसा तेथे खर्च करावा. धूर रोखलाच पाहिजे. ओतकामाच्या भट्ट्यांत धूळ शोषणारी यंत्रणा, कामगारांच्या छातीची नियमित तपासणी आणि कचरा जाळण्यावर खरीखुरी बंदी यांचा आग्रह आम्हीही धरतो. परंतु उद्याचा धूर थांबल्याने कालची फुप्फुसे दुरुस्त होत नाहीत. ज्यांच्या श्रमावर ही नगरी ‘उद्योगनगरी’ म्हणून मिरविते, त्यांना ‘तुम्हांला उशीर झाला’ असे सांगण्याचा अधिकार तिला नाही. दुसरा आक्षेप गैरवापराचा. यंत्रे विकली जातील, गरज नसलेले ती नेतील, असे म्हटले जाते. धमनीतील रक्ताच्या तपासणीची अट, ठरावीक मुदतीने फेरतपासणी आणि यंत्र मालकीने न देता उसने देण्याची पद्धत, एवढ्याने त्याचा बंदोबस्त होतो. ग्रंथालयातील पुस्तकाइतकी शिस्त यंत्रालाही लावता येईल. तिसरा आक्षेप आगीचा आहे आणि तो गंभीर आहे. प्राणवायू स्वतः जळत नाही; पण तो साध्या ठिणगीचा वणवा करतो. म्हणूनच यंत्र देताना घरातील कोणाला तरी शिकविले पाहिजे: खाटेजवळ विडी नको, देवघरातील निरांजन आणि उदबत्ती दूर, शेगडीपाशी नळी नेऊ नये, सिलिंडराच्या तोंडाला तेलाचा हात लावू नये. हे शिकविण्याला अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागत नाही.

मग करावे काय? आमच्या मते पाच गोष्टी महापालिकेला नव्या कायद्याची वाट न पाहता करता येण्यासारख्या आहेत. यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात जुनाट श्वसनविकारांच्या रुग्णांसाठी स्वतंत्र दिवस ठरवून श्वासाची आणि धमनीतील रक्ताची तपासणी व्हावी आणि घरी प्राणवायू लागणाऱ्या प्रत्येक नागरिकाची नोंदवही ठेवली जावी. आज शहरात असे किती लोक आहेत, हे एका ठिकाणी लिहिलेले सापडले पाहिजे. २०२१ मध्ये भेट आलेली आणि विकत घेतलेली यंत्रे मोजून, दुरुस्त करून त्यांची उसनवार पेढी प्रत्येक प्रभागातील दवाखान्यातून चालवावी. या यंत्रांतील चाळणीचे द्रव्य झिजले की बाहेर पडणाऱ्या वायूतील प्राणवायूचे प्रमाण घसरते आणि रुग्णाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ठरावीक काळाने घरी जाऊन ते मोजणारा माणूस नेमावा. महावितरणाने नोंदवहीतील घरांना पूर्वसूचनेविना वीज बंद करू नये, आणि यंत्राच्या विजेचा परतावा महापालिकेने किंवा राज्य शासनाने द्यावा. शेवटची गोष्ट अशी की, रुग्णालयांतील टाक्या, नळ्या आणि प्राणवायूचे संच यांची तपासणी दर तिमाहीला करून तिचा अहवाल नागरिकांपुढे ठेवावा. नाशिकची आठवण वर्षश्राद्धापुरती उरू नये, याचा दुसरा मार्ग आम्हांला दिसत नाही.

चाकण, भोसरी आणि पिंपरीच्या कारखानदारांकडेही आमचे मागणे आहे. सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून एखादे यंत्र भेट देऊन छायाचित्र काढणे सोपे असते. त्या यंत्राची पाच वर्षांची देखभाल अंगावर घेणे कठीण. दानाची खरी किंमत त्या दुसऱ्या गोष्टीत आहे. आपल्या कारखान्यातून किंवा आपल्या कंत्राटदाराच्या शेडमधून निवृत्त झालेल्या कामगारांची छाती कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहण्याचे काम त्यांनी आपण होऊन केले, तर ते उपकार ठरणार नाहीत. जुन्या देण्याची ती अंशतः फेड ठरेल.

पिंपरीला या बाबतीत एक उजळ पूर्वस्मृती आहे. स्वातंत्र्यानंतर अवघ्या काही वर्षांत, १९५४ मध्ये, याच माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. तोवर परदेशातून येणारे आणि मोजक्यांना परवडणारे औषध सामान्य माणसाच्या आवाक्यात आणावे, ही त्यामागची दृष्टी होती. त्या कारखान्याचे पुढे काय झाले, ही निराळी आणि खेदाची कहाणी आहे. परंतु औषध हा केवळ बाजारातील माल नाही, हा विचार या नगरीने देशाला त्या वेळी कृतीने शिकविला. प्राणवायूच्या बाबतीत तर कारखाना उभारण्याचेही काम उरलेले नाही. उत्पादन दाराशी आहे, यंत्रे आहेत, रुग्णालये आहेत, निष्णात डॉक्टर आहेत. उणीव आहे ती या सर्वांना एका दोरीत ओवणाऱ्या व्यवस्थेची.

अशी व्यवस्था उभारण्याचा संकल्प भाषणांतून कळत नाही, अंदाजपत्रकातून कळतो. महापालिकेच्या येत्या अंदाजपत्रकात रस्ते, पूल आणि चौकांचे सुशोभीकरण यांच्या जोडीला ‘घरगुती प्राणवायू सेवा’ असे एक शीर्ष असावे आणि त्यापुढे खराखुरा आकडा असावा. नागरिकांनीही आपापल्या नगरसेवकाला तेवढा एकच प्रश्न विचारावा. लोखंड कापण्याचे सिलिंडर ज्या तत्परतेने कारखान्याच्या दारात येते, त्याच तत्परतेने पांढऱ्या खांद्याचे सिलिंडर चिखलीतील त्या खाटेपाशी पोहोचू लागेल, त्या दिवशी हा हिशेब पुरा झाला असे आम्ही मानू.